अस्लमच्या छतावरचं ऊन

रविवारी दुपारी नासीरने तुझ्या डोक्यात सळई घातली. तू सोलरच्या प्लेटांवर पडलास. नासीरने पुन्हा मारलं. खाली गिरणी चालू होती. नगरला नेताना, तिसगाव सोडल्यावर घाटात, गाडीत, तू गेलास.

गिरणीचं मला अजून समजत नाही. तुझं डोकं माझ्या मांडीवर, माझी ओढणी तुझ्या कानापाशी दाबलेली, मी तुझ्या शाहीनला हाका मारते आहे, आणि खाली कुणाची तरी ज्वारी दळली जाते आहे. त्या दिवशी आकाशात ढग नव्हता. तू ज्या प्लेटवर पडलास तिची काच फुटली, पण सांडली नाही. भेगा पसरल्या आणि तुझं रक्त त्या भेगांत उतरलं. तरी शेजारच्या ओळीतून वीज येत राहिली आणि पट्टा फिरत राहिला. शेवटी शाहीननेच खटका ओढला. तोपर्यंत तुला आवाज ऐकू येत होता का, हे मला विचारायचं होतं. गाडीत विचारलं. तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की त्यावर तुझी बोटं नंतर काही दिवस दिसत होती. ती फिकी होत गेली तसा मला राग येत गेला.

तुला आठवत असेल, आपण घरात दखनी बोलायचो आणि भांडायचो मात्र मराठीत. अम्मी म्हणायची, यांचा राग शाळेत गेलेला आहे. म्हणून हे तुला मराठीतच लिहिते आहे. कारण मी तुझ्याशी अजून भांडते आहे.

तुझा हात लहानपणापासून पटकन उठायचा. मी पाचवीत असताना एका पोराने माझं वाचनालयाचं पुस्तक गटारात टाकलं होतं. तू माझ्याहून दोन इयत्ता मागे. तू त्याचं तोंड हापशाच्या दांड्यावर आपटलंस आणि घरी येऊन मूठ उघडलीस, तर आत त्याचा दात. अब्बांनी तुला गिरणीच्या जुन्या पट्ट्याने झोडलं. पाठीवर वळ उठले. तू रडला नाहीस, मी रडले. रात्री हळद लावताना तू म्हणालास, "आपा, तू वाचत बस. मारायचं मी बघतो."

आपण तसंच वाटून घेतलं. मी वाचलं. बी.एड. केलं, नगरला शाळेत लागले, शनिवारी शेवगावला यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. फी तू भरलीस. अब्बांच्या मागे गिरणी तू धरलीस, शेजारी मिरची-मसाल्याचं कांडप घातलंस. उन्हाळ्यात तुझ्या पापण्यांच्या कडासुद्धा लाल असायच्या. मी आले की तू लांबूनच हसायचास, कारण जवळ आलास तर मला शिंका यायच्या. याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. आता मानते, तर ऐकायला कोणी नाही.

सोलरचं खूळ तुझ्या डोक्यात उन्हाळ्याच्या सुरुवातीला शिरलं. कांडपाचा हंगाम, बायका मिरचीची पोती घेऊन दारात बसलेल्या, आणि वीज जायची. डिझेलवर चालवलं तर हातात काही उरायचं नाही. तू मला हिशेब समजावलास तो शिक्षकासारखा. धंद्याला सबसिडी नाही, ती घरांना. पण हप्ता बिलाएवढाच बसतो. बिल मरेपर्यंत भरायचं असतं, हप्ता एक दिवस संपतो. आणि गिरणी दिवसाच चालते, ऊनही दिवसाच असतं, मग अडचण काय? मी म्हणाले होते, छत भक्कम आहे का ते आधी बघ. तू म्हणालास, "छताचं सोड, तू जामीन राहतीस का ते सांग." मी राहिले.

बँकेचे साहेब छत बघायला आले ते भर वैशाखात. ऊन डोक्यावर. कुठेच सावली नव्हती. तरी त्यांच्याबरोबरच्या इंजिनिअरने दक्षिणेकडच्या घराकडे बोट दाखवून विचारलं, इथे मजला चढणार आहे का? हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, तेव्हा त्या बाजूने सावली येईल. एका ओळीतल्या एका प्लेटवर सावली आली की सगळ्या ओळीची वीज बसते. शेजाऱ्याकडून लिहून घ्या, तो म्हणाला.

दक्षिणेकडचं घर हमीदचाचांचं. अब्बांचे जिवलग. आपली आणि त्यांची मधली भिंत दोघांनी मिळून बांधली, तिचा कुठे कागद नाही. आपल्या गल्लीत कागद परक्यांसाठी असतो. तू साहेबांना म्हणालास, "चाचाकडनं लिहून मागू? त्यापरीस त्येंच्या तोंडात मारतो की." साहेब हसले. आपल्या घराची कागदपत्रं आणि माझी सही त्यांना पुरली.

संध्याकाळी मात्र तू मला घेऊन चाचांकडे गेलास. चहा झाला. तू विषय काढलास तोही लाजत, जणू मुलगी मागायला आलास. चाचांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "माज्या हयातीत तुज्या उन्हाला धक्का लागनार न्हाई. अल्ला साक्षी हाय." त्यांचा नासीर उंबऱ्यात उभा राहून मोबाईल बघत होता. त्याने मान वर केली नाही. त्याला कोणी विचारलंही नाही. त्याला विचारायचं असतं हे आपल्याला सुचलंच नाही. बाप जिवंत असताना पोराचा शब्द कोण घेतं?

प्लेटा चालू झाल्या त्या दिवशी मी नगरला होते, सहावीच्या वर्गात. तू फोन केलास. मी बाहेर येऊन घेतला तर तू काही बोलेना, नुसता गिरणीचा घरघराट. मग म्हणालास, "ऐकलंस का? उन्हाचा आवाज हाय हा." मी तुला वेडा म्हणाले. अस्लम, मला तो आवाज पुन्हा ऐकायचा आहे आणि मी ऐकूही शकत नाही, कारण तोच आवाज तू मरत असताना चालू होता.

नासीरने पावसाळ्यानंतर वर मजला बांधायला काढला. धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं, घरात खोली नाही. त्याचंही काही खोटं नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणाले होते आणि तू माझ्यावर ताट भिरकावलं होतंस. डाळ भिंतीवर उडाली. मग तूच फडका घेऊन पुसत बसलास.

दिवाळी झाली आणि सावली आली. आधी कठड्यावर, मग भिंतीकडच्या पहिल्या ओळीवर, मग दुसरीवर. तू खडूने रोज तिची कड आखायचास. गिरणी दुपारी दमायला लागली. वीज मंडळाचं बिल परत वाढलं आणि वर हप्ता. तू चाचांकडे गेलास. चाचा म्हणाले, आता घर नासीर बघतो. नासीर म्हणाला, "शब्द अब्बांनी दिलाय, मी न्हाई. अन् ऊन काय तुज्या बापाचं हाय का?"

तू गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणालास, "ऊन नसंल माज्या बापाचं. सावली तर तुज्या बापाची हाय ना? मग उचल की."

लोक हसले. चहाच्या टपरीवर ते वाक्य आठवडाभर फिरलं. मला वाटतं, त्या हसण्याने तुला मारलं. मजल्याची भिंत नासीरने पाडलीही असती, पण ज्या वाक्यावर पेठ हसली त्यानंतर ती पाडणं त्याला शक्य नव्हतं. हे मी तुला म्हणाले असते तर तू दुसरं ताट भिरकावलं असतंस.

एका सकाळी प्लेटांवर विटांचे तुकडे पडलेले सापडले. एक काच तडकली होती. तू कुणाला न विचारता नासीरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलास, खिळ्यांचे ट्रे जमिनीवर उलटे केलेस आणि त्याचं तोंड काउंटरवर दाबून धरलंस, नाकातून रक्त येईपर्यंत. चाचा धावत आले. त्यांना बघून तू हात काढलास आणि मान खाली घातलीस. तेव्हा ते एक वाक्य बोलले असते तर. मी शब्द दिला होता, एवढंच. ते पोराचं नाक पुसत राहिले.

मी पुस्तकं उघडली, कारण माझ्या वाट्याला तेच होतं. कायद्यात उजेडाचा हक्क असतो, हे मी तुला वाचून दाखवलं, पण तो उजेड वर्षानुवर्षं बिनतक्रार भोगलेला असावा लागतो. तू म्हणालास, "म्हंजे सूर्य नवा हाय का?" मी म्हणाले, कोर्टात जाऊ. तू म्हणालास, तारीख पडेपर्यंत हिवाळा सरेल. ते खरं होतं. ते इतकं खरं होतं की त्यातच उत्तर होतं, आणि आपण दोघं त्यावरून पुढे गेलो. सावली उन्हाळ्यात आपोआप मागे जाणार होती. प्लेटा बसवणाऱ्याने सांगितलं होतं, लोखंडी सांगाडा उंच करून देतो, खर्च येईल पण काम होईल. मी म्हणाले, मी देते. तू म्हणालास, "त्यानं भिंत चढवायची अन् मी टाचा उंचावायच्या?" आपलं शेवटचं भांडण हेच. ते अर्धं राहिलं. मी सोमवारी पहाटे तुला न उठवता निघाले. पुढच्या शनिवारी आले तेव्हा तू गोड होतास, मला बोरं आणून ठेवली होतीस, आणि मी विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तू पहार घेऊन वर गेलास. गवंड्यांना सुट्टी होती. नासीरने मजल्यावर आता कठडा चढवायला घेतला होता, विटा अजून ओल्या होत्या. मी तुझ्या मागे जिना चढले. तू दोन घरांमधली भिंत ओलांडून परांचीवरून त्यांच्या बांधकामावर चढलास आणि कठड्यावर पहार घातलीस. विटा खाली त्यांच्या अंगणात कोसळत होत्या. तू शिव्या देत होतास, मेलेल्यांनासुद्धा. नासीर वर आला. तो आधी हात जोडून आला होता, अस्लम. तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही, मी पाहिलं. तू पहारीचं टोक त्याच्या छातीला लावून त्याला मागे ढकललंस. त्याने पडलेली सळई उचलली. पहिला घाव तुझ्या कानामागे बसला. तू उलटा आपल्या छतावर पडलास, प्लेटांवर. पहार हातातून गेली होती. तुझा हात वर होता, पंजा उघडा. नासीर खाली उतरला, तुझ्यापाशी आला, थांबला, आणि मग त्याने पुन्हा मारलं.

तो थांबला होता. त्याच्या त्या थांबण्याचा मी रोज विचार करते.

तुझा जनाजा निघण्याआधी पोरं जमली. आपला मावसभाऊ जावेद गाडीतून गज घेऊन आला, कोणीतरी पेट्रोलचा कॅन आणला होता. चाचांच्या दाराला बाहेरून कडी लावायची भाषा चालली होती. आत बायका आणि लग्न ठरलेलं ते पोरगं होतं. मी दारात उभी होते आणि खरं सांगते, मी त्यांना अडवलं नाही. मला ते घर जळायला हवं होतं. शाहीन बाहेर आली. तिने जावेदला विचारलं, "तुला गिरनीचा पट्टा लावता येतो का?" तो गोंधळला. नाही म्हणाला. "उद्यापास्नं मला पट्टा लावून देनारं कुनी हाय का ह्यांच्यात? न्हाई? मग कॅन ठेवा खाली अन् खांदा द्या." त्यांनी ठेवला.

मला मांजरसुद्धा हाकलता येत नाही म्हणून तू हसायचास. आता मी मनात नासीरला रोज मारते. कधी सळईने, कधी कांडपाच्या लोखंडी मुसळाखाली त्याचा हात धरून. फळ्यावर लिहिताना खडू माझ्या बोटांत मोडतो आणि मुलं गप्प होतात. मारायचं तू बघणार होतास. आता ते कामही माझ्याकडे आलं आहे आणि मला ते येत नाही.

मग हमीदचाचा आले. गिरणीच्या बाकावर बसले, गिऱ्हाईक बसतं तसे. खूप खंगले आहेत. आत पडद्यामागे शाहीन होती. चाचा माझ्याशी बोलले. म्हणाले, "तिथं वर तुज्याशिवाय कुनी नव्हतं. पोलिसांनी दोनदा इचारलं तरी तू अजून जबाब दिला न्हाईस, मला कळलंय." मग म्हणाले, "तू म्हन, झटापटीत पाय सरकला, डोकं आपटलं. पोरगं तरी वाचंल माजं. मी भिंत उद्याच पाडतो. मजला उतरवतो. शाहीनच्या पोटाला ऊन मिळंल. माजा शब्द."

अस्लम, मला तेव्हा त्यांच्या गळ्याला हात घालावासा वाटला, आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. अब्बांच्या मयतीत मी तिथेच रडले होते. मी म्हणाले, "चाचा, तुमचा एक शब्द आमच्याकडं आधीच पडून आहे."

ते उठले. उंबऱ्याशी त्यांना चप्पल सापडेना. मी पायांपुढे सरकवली.

त्याच दिवशी जावेद आला. त्याला वेगळं हवं होतं. वकिलाने सांगितलंय, पहारीचं बोलायचं नाही. शिव्यांचं नाही, नासीरने हात जोडल्याचं तर नाहीच. अस्लम छतावर उभा होता आणि नासीर मागून आला, एवढंच. नाहीतर वीस जण उभे राहून सांगतील की अस्लमनेच सुरुवात केली, आणि नासीर चार वर्षांत सुटून येईल. मी म्हणाले, अस्लमनेच सुरुवात केली होती. जावेद म्हणाला, "तू भन हायस का कोन हायस त्याची?"

एकाला सुरुवात नको होती, दुसऱ्याला शेवट. मी शाहीनला विचारलं. भिंत तिच्या पोटावर आहे, माझ्या नाही. ती मिरचीची देठं खुडत होती. हातातली मिरची तिने खाली ठेवली. मग म्हणाली, "आपा, तुमी बगितलं ते मी बगितलं न्हाई. मला कुनीतरी सांगायला पायजे ना त्यांचं काय झालं. तुमी पोलिसांला खोटं सांगितलं तर मला कोन खरं सांगनार?"

मग मी तिलाच आधी सांगितलं. सगळं. पहार, शिव्या, नासीरचे जोडलेले हात, पहिला घाव. तुझा उघडा पंजा. त्याचं थांबणं. तिने मधे मला थांबवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, पंजा उजवा की डावा. उजवा, मी म्हणाले. मग ती आत गेली, आणि तू गेल्यापासून ती पहिल्यांदा ओरडून रडली. भिंतीवर हात आपटत होती. मी तिला धरलं तर माझ्या तोंडावर तिचा कोपर बसला, ओठ फुटला. मी धरून राहिले.

ठाण्यात फौजदारांनी लिहून घेताना पेन थांबवलं. "ताई, पहारीचं लिहू का? तुमच्याच भावावर जाईल."

"लिहा," मी म्हणाले. "आणि नंतरचंही लिहा. तो पडल्यावर नासीर थांबला होता, ते लिहा."

बाहेर जावेद उभा होता. तो माझ्याशी बोलला नाही. गल्लीत चाचांच्या ओट्यावर बसलेल्या बायकांनी तोंड फिरवलं. दोन्ही बाजूंनी मी वाईट आहे. तू असतास तर कुणाचा तरी दात घेऊन घरी आला असतास, आणि मी तुला ओरडले असते.

मी तुझ्यावर चिडलेली आहे. तू भांडकुदळ होतास, हट्टी होतास, तीन महिन्यांच्या सावलीसाठी गेलास. तरी तो दुसरा घाव तू मागितलेला नव्हतास, आणि हे माझ्याशिवाय कोणी म्हणू शकत नाही. म्हणून मी म्हणाले.

शाहीन गिरणी चालवते. नवऱ्यामागच्या इद्दतीत बाई धंद्यावर बसते अशी कुजबुज झाली, तेव्हा ती म्हणाली, गिरणी घरात आहे, मी उंबरा ओलांडलेला नाही. पट्टा लावायला ती शिकली. मी बदलीचा अर्ज केला आहे, शेवगावच्या आसपास कुठेही. फुटलेली प्लेट आम्ही काढली नाही, ती पोलिसांनी पंचनामा करून नेली, आणि ओळ पुन्हा जोडून घेतली. बँकेचे साहेब भेटून गेले. हप्त्यांना त्यांनी थोडी सवड दिली. पेठेत आणखी तिघांनी प्लेटांसाठी चौकशी केली होती, ते आता बोलत नाहीत.

चाचांची भिंत उभी आहे. मजला अर्धा आहे, लग्न पुढे गेलं. नासीर कोठडीत आहे. सावली रोज थोडी मागे सरते. काल ती पहिल्या ओळीवरून उतरली. उन्हाळाभर ती प्लेटांवर नसेल. दिवाळीनंतर परत येईल. खटला तोपर्यंत उभा राहील असं वकील म्हणतात. मी साक्षीला जाणार आहे.